जुन्या ट्रकच्या इंजिनात एका सिलेंडरचे कॉम्प्रेशन गेले असता निदान कसे करावे

जुन्या ट्रकचे इंजिन मिसिंग करू लागले, थंड असताना बराच वेळ सेल्फ मारल्यावरच सुरू होऊ लागले आणि चढावर ओढ कमी पडू लागली, की गॅरेजमध्ये बहुधा एकच निकाल ऐकू येतो, तो म्हणजे कॉम्प्रेशन (पिस्टनने सिलेंडरात हवा दाबून निर्माण होणारा दाब) गेले असून इंजिन खोलावे लागेल. हा निकाल पुष्कळदा बरोबर ठरतो, पण त्यात कामाची माहिती अर्धीच असते. सिलेंडरात दाबली जाणारी हवा निसटण्याच्या वाटा मोजक्याच आहेत : इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, पिस्टनच्या रिंगा, हेड गॅस्केट (सिलेंडरवरचे झाकण म्हणजे हेड, त्याच्याखालचे सील), हेडला किंवा लायनरला (सिलेंडरच्या आतल्या नळीला) गेलेली चीर आणि नोझलचे (डिझेल फवारणाऱ्या भागाचे) किंवा प्लगचे बूड. यांपैकी हवा नेमकी कोणत्या वाटेने जाते, हे हेडचा एकही बोल्ट न सोडवता बहुतेक वेळा ठरवता येते. ते न ठरवताच हेड उतरवले, तर व्हॉल्व्ह घासून हेड पुन्हा चढवल्यावर दोष रिंगांत होता असे कळण्याची पाळी येते आणि गॅस्केटसह सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो.

पुढील विवेचन मुख्यतः मेकॅनिकल इंधनपंप असलेल्या, चार किंवा सहा सिलेंडरांच्या जुन्या डिझेल इंजिनाविषयी आहे. जुन्या पेट्रोल ट्रकलाही तत्त्वे तीच लागू पडतात. जेथे फरक पडतो तेथे तो नोंदवला आहे.

दोषी सिलेंडर ओळखणे

गेज, म्हणजे दाबमापक, हाती घेण्याआधी इंजिन ऐकावे. इंधन बंद करून सेल्फ मारला असता चांगल्या इंजिनाचा आवाज एकसारख्या ठेक्यात येतो, कारण प्रत्येक सिलेंडरचा दाब सेल्फला सारखाच अडवतो. एखादे सिलेंडर ढिले असेल, तर त्याची पाळी आली की सेल्फ क्षणभर हलका पळतो आणि ठेका लंगडा होतो. कान तेवढा तयार नसल्यास सेल्फच्या जाड केबलभोवती ऑसिलोस्कोपला जोडलेला करंट क्लॅम्प बसवून हीच गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. करंटच्या आलेखात प्रत्येक कॉम्प्रेशनचा एक उंचवटा दिसतो आणि दुबळ्या सिलेंडरचा उंचवटा बुटका असतो.

इंजिन सुरू होत असेल, तर ते आयडलवर ठेवून एकेका सिलेंडरचे इंधन तोडून पाहावे. नोझलकडे जाणाऱ्या पाइपाचा नट किंचित सैल केला की त्या सिलेंडरला डिझेल मिळेनासे होते. चांगल्या सिलेंडरचा नट सैल करताच इंजिनाचे फेरे पडतात आणि आवाज बदलतो. ज्या नटाने काहीच फरक पडत नाही, त्याचे सिलेंडर आधीपासूनच काम करत नव्हते. हे करताना नटाभोवती जाड कापड धरावे, डोळ्यांवर चष्मा असावा आणि सुटणाऱ्या धारेसमोर हात कधीही नेऊ नये. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते, आणि अशी जखम बाहेरून टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तिच्यासाठी ताबडतोब रुग्णालय गाठावे लागते. कॉमन रेल इंजिनावर (सर्व नोझलांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या रचनेवर) ही पद्धत मुळीच वापरू नये, कारण तेथील दाब एक हजार बारच्याही वर जातो. पेट्रोल इंजिनात इन्सुलेटेड पकडीने प्लगची वायर काढून ती बॉडीला टेकवली की हेच काम होते.

मात्र काम न करणारे प्रत्येक सिलेंडर कॉम्प्रेशन गमावलेले असतेच असे नाही. अडकलेले नोझल किंवा पंपाच्या एलिमेंटमधला (त्या सिलेंडरला डिझेल ढकलणाऱ्या भागातला) बिघाड नेमकी हीच लक्षणे दाखवतो. म्हणून संशयित सिलेंडरचे नोझल शेजारच्या सिलेंडरला आणि शेजारचे येथे लावून पाहावे. दोष नोझलबरोबर सरकला, तर कॉम्प्रेशनचा विषय तेथेच संपतो.

धूर आणि ब्रीदर (इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी नळी) यांची साक्षही याच वेळी घ्यावी. थंड इंजिनातून येणारा पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो; कॉम्प्रेशन कमी पडल्याने हवा पुरेशी तापत नाही, म्हणून डिझेल पेट घेत नाही. इंजिन तापल्यावर हा धूर बहुधा ओसरतो. तापल्यानंतरही टिकून राहणारी, डोळ्यांना न झोंबणारी पांढरी वाफ कूलंटची असण्याचा संभव अधिक. निळा धूर ऑइलचा. आयडलवर ऑइल भरण्याचे झाकण सैल करून उलटे ठेवले असता ते थडथड उडू लागले आणि ब्रीदरमधून धाप लागल्यासारखा धूर येऊ लागला, तर रिंगा किंवा पिस्टन यांच्यावरचा संशय बळावतो. एवढ्यावर निकाल मात्र देऊ नये. टर्बो आणि ब्रेकचा एअर कॉम्प्रेसर यांची गळतीही क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या पोटात) येते, आणि जीर्ण कॉम्प्रेसरमुळे निकोस इंजिनावर रिंगांचा ठपका बसलेला पाहायला मिळतो.

टॅपेट आणि नोझलचे बूड

दाब मोजण्याआधी टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा रॉकर यांच्यातली फट, तपासावेत. हा क्रम बदलू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्हॉल्व्ह आणि त्याची सीट वर्षानुवर्षे एकमेकांवर आपटून झिजतात, व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा थोडा खोल बसत जातो, त्याची दांडी रॉकरकडे सरकते आणि टॅपेटची फट कमी होत जाते. जेव्हा ती शून्य होते, तेव्हा रॉकर व्हॉल्व्हला पूर्ण बसूच देत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटला टेकल्यावरच हेडमध्ये उतरत असते. टेकणे थांबले की त्याची कडा जळू लागते. फट वेळेत सापडली तर पान्याने आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) काम भागते, आणि उशिरा सापडली तर व्हॉल्व्ह बदलावा लागतो.

फट मोजताना त्या सिलेंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर, म्हणजे हवा दाबून सर्वांत वर आलेला, असला पाहिजे. १-५-३-६-२-४ असा फायरिंग क्रम असलेल्या सहा सिलेंडरांच्या इंजिनात १ व ६, ५ व २, ३ व ४ अशा जोड्या असतात. सहाव्या सिलेंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, म्हणजे एक्झॉस्ट मिटत आणि इनटेक उघडत असला, की पहिल्याचे टॅपेट मोजावेत. १-३-४-२ क्रमाच्या चार सिलेंडरांच्या इंजिनात १ व ४ आणि ३ व २ अशा जोड्या पडतात. फट गरम इंजिनावर मोजायची की थंड, हे इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि ते पाळावेच लागते. झाकण उघडलेलेच आहे तर वाकलेली पुशरॉड (रॉकरला खालून ढकलणारी दांडी), तुटलेली व्हॉल्व्ह स्प्रिंग आणि इतरांपेक्षा कमी हलणारा रॉकर यांवरही नजर टाकावी.

दुसरी, सहज नजरेतून सुटणारी जागा म्हणजे नोझलखालचा तांब्याचा वॉशर. तो गळत असेल तर चालत्या इंजिनातून फसफस असा आवाज येतो आणि नोझलभोवती डांबरासारखा काळा, चिकट थर साचतो. साबणाचे पाणी टाकून सेल्फ मारला की बुडबुडे दिसतात. या दोषाची गंमत अशी की नोझल काढून नव्या वॉशरसह गेजचा अडॅप्टर बसवला की दाब अगदी ठीक येतो. चालताना मिसिंग करणारे सिलेंडर गेजवर निर्दोष दिसले, तर हा वॉशर आधी आठवावा. नोझल बाहेर काढल्यावर जुना वॉशर तळाशी चिकटून राहिला नाही ना, हेही टॉर्चने पाहावे. एकावर एक दोन वॉशर बसले तर नोझल वर राहते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो.

दाब मोजणे

डिझेलसाठी ६० ते ७० बारपर्यंत मोजणारा गेज हवा. पेट्रोल इंजिनाचा गेज साधारण २० बारपर्यंतच मोजतो आणि डिझेल इंजिनाला लावल्यास फुटू शकतो. अडॅप्टर नोझलच्या किंवा हीटर प्लगच्या जागी बसतो, आणि तो त्याच इंजिनासाठी बनवलेला असावा. लांबीने कमी-जास्त असलेला अडॅप्टर ज्वलनकक्षाचे आकारमान बदलून आकडा बिघडवतो, आणि फार लांब असेल तर पिस्टनला लागतो. १ बार म्हणजे सुमारे १४.५ पीएसआय.

इंजिन सुरू होत असेल तर ते कामाच्या तापमानापर्यंत तापवून घ्यावे. बॅटऱ्या पूर्ण चार्ज असाव्यात, कारण सेल्फचा वेग घटला की प्रत्येक फटीतून हवा निसटायला जास्त वेळ मिळतो आणि सगळेच आकडे खाली येतात. एअर फिल्टर स्वच्छ असावा. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ओट (घसरू नये म्हणून लावायची पाचर) लावलेली असावी. इंधन पंपावरच बंद करावे, नोझलांभोवतीची घाण उडवून मग सर्व नोझल काढावीत, आणि गेज लावण्याआधी काही सेकंद सेल्फ मारून सिलेंडरांतले डिझेल व कार्बनचे कण बाहेर पडू द्यावेत. त्या वेळी भोकांसमोर कोणी उभे राहू नये. पेट्रोल इंजिनात सर्व प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडवून आणि थ्रॉटल पूर्ण उघडा धरून मोजावे. बंद थ्रॉटलमुळे हवाच आत येत नाही आणि चांगले इंजिनही नापास होते. काही जुन्या डिझेल इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये एकाच सिलेंडरचे नोझल काढून, बाकीच्यांवर इंजिन चालवत दाब मोजण्याची रीत दिलेली असते. तसे असेल तर त्याच रीतीने मोजून त्याच तक्त्याशी ताडावे. दोन रीतींचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

प्रत्येक सिलेंडरला सारखेच, म्हणजे पाच ते सहा कॉम्प्रेशन स्ट्रोक द्यावेत. काट्याची पहिली उडी किती बारवर गेली आणि शेवटी तो कोठे स्थिरावला, असे दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. सर्व सिलेंडर संपल्यावर संशयित सिलेंडर अडॅप्टरच्या नव्या वॉशरसह पुन्हा मोजावे, कारण अडॅप्टरच्या बुडातून होणारी गळती हीच पुष्कळदा ‘दोष’ म्हणून वहीत चढते.

आकडे वाचणे

सेल्फवर मोजलेला डिझेल इंजिनाचा दाब रचनेनुसार साधारण २० ते ३५ बार, आणि जुन्या पेट्रोल इंजिनाचा ८ ते १२ बारच्या आसपास येतो. खरी मर्यादा मॅन्युअलची. ती मर्यादा वाचताना समुद्रसपाटीपासूनची उंचीही धरावी. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी असतो, आणि कॉम्प्रेशनही त्याच प्रमाणात घटते. त्यामुळे एका सिलेंडरच्या दोषासाठी मूळ आकड्यापेक्षा सिलेंडरांची आपसांतली तुलना अधिक विश्वासाची आहे. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली नसावा, हा पेट्रोल इंजिनांचा सर्वसाधारण संकेत. डिझेलसाठी अनेक उत्पादक याहून कडक फरक, म्हणजे काही मोजके बार, ठरवून देतात.

समजा, सहा सिलेंडरांचे आकडे २७, २६, २७, १८, २६ आणि २७ बार असे आले. चौथे सिलेंडर ६७ टक्क्यांवर आहे, तेव्हा दोष निश्चित. आता त्याची पहिली उडी पाहावी. काटा पहिल्या स्ट्रोकला जेमतेम ६-७ बारवर गेला आणि नंतर प्रत्येक स्ट्रोकला थोडा थोडा चढत १८ पर्यंत पोहोचला, तर रिंगांवर संशय घ्यावा, कारण गेजमधील व्हॉल्व्ह दाब धरून ठेवतो आणि रिंगा दर स्ट्रोकला त्यात थोडी भर घालू शकतात. पहिल्या उडीनंतर काटा फारसा हललाच नाही, तर हवा व्हॉल्व्हसारख्या मोठ्या, कायम उघड्या वाटेने जात असावी. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण पुढच्या चाचणीत कान कोठे लावायचा हे त्यावरून कळते.

लागून असलेली दोन सिलेंडरे एकदम खाली आली, म्हणजे २७, २६, १५, १५, २६, २७ असे चित्र दिसले, तर त्या दोहोंमधली गॅस्केटची पट्टी जळली असल्याची शक्यता सर्वांत मोठी. सगळेच सिलेंडर सारखेच खाली असतील तर एकसारखी झीज, मंद सेल्फ, चोंदलेला फिल्टर, टायमिंग गिअरची चुकलेली खूण किंवा खुद्द गेज यांपैकी काहीही असू शकते. अशा वेळी गेज दुसऱ्या, खात्रीच्या इंजिनावर लावून पाहणे सर्वांत स्वस्त पडते. एखादाच आकडा इतरांपेक्षा बराच वर असेल तर त्याचाही आनंद मानू नये. पिस्टनवर साचलेला कार्बन किंवा गळक्या नोझलने आत ओतलेले डिझेल कक्ष लहान करते आणि दाब फुगवते.

ऑइल घालून घेण्याच्या चाचणीची मर्यादा

कमी दाबाच्या सिलेंडरात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजावे, दाब वाढला तर रिंगा आणि न वाढला तर व्हॉल्व्ह, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. पेट्रोल इंजिनात तो बऱ्यापैकी चालतो. डिझेलमध्ये त्यावर भिस्त ठेवणे मला पटत नाही, आणि त्याचे कारण साध्या हिशेबात आहे. एक लिटरच्या सिलेंडरचे कॉम्प्रेशन प्रमाण (पिस्टन खाली असतानाची आणि वर असतानाची जागा यांचे गुणोत्तर) १७ असेल, तर पिस्टन टॉपवर असताना वर उरलेली जागा फक्त ६२.५ मिलिलिटर असते. तिच्यात ५ मिलिलिटर ऑइल गेले की जागा ५७.५ मिलिलिटर उरते आणि प्रमाण १८.४ होते, म्हणजे रिंगांचा काहीही संबंध नसताना गेज सुमारे एक दशांशाने वर जातो. १० मिलिलिटर घातले तर प्रमाण २० वर पोहोचते. शिवाय हे ऑइल पिस्टनच्या खळग्यात साचते, रिंगांपर्यंत पोहोचत नाही, आणि तापलेल्या हवेत पेटही घेऊ शकते. ऑइलचे माप चुकून जास्त झाले तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. चाचणी करायचीच असेल तर माप ५ मिलिलिटरच्या वर नेऊ नये, आणि १८ बारचे २५ झाले तरच तिला अर्थ द्यावा. १८ चे २० होणे हे निव्वळ ऑइलने व्यापलेल्या जागेमुळे असते.

हवा भरून गळती शोधणे

खरा निर्णय या चाचणीत होतो. संशयित सिलेंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉपवर, दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असताना आणून अडॅप्टरमधून कॉम्प्रेसरची हवा आत सोडायची आणि ती कोठून बाहेर येते ते ऐकायचे. लीक-डाउन टेस्टरवर दोन गेज असतात. पहिला सोडलेला दाब आणि दुसरा बारीक छिद्रापलीकडे सिलेंडरात टिकलेला दाब दाखवतो. पहिल्यावर ७ बार आणि दुसऱ्यावर ६.३ बार असेल तर गळती १० टक्के, दुसऱ्यावर ४.२ असेल तर ४० टक्के. १० टक्क्यांपर्यंत इंजिन उत्तम, जुन्या इंजिनात २० टक्क्यांपर्यंत चालण्याजोगे, आणि ३० टक्क्यांच्या पुढे दोष शोधलाच पाहिजे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. टेस्टर नसेल तर रेग्युलेटर आणि अडॅप्टर एवढ्यावरही ऐकण्याचे काम होते. फक्त कॉम्प्रेशन गेजच्या नळीत हवा एकाच दिशेने सोडणारा जो बारीक व्हॉल्व्ह असतो, तो काढून ठेवावा लागतो.

येथे सुरक्षिततेचा एक मुद्दा बजावून सांगावासा वाटतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पिस्टनवर ७ बार दाब म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपासचे बल. पिस्टन टॉपवरून केसभर ढळलेला असला, तर हे बल क्रँक गर्रकन फिरवते, आणि पुलीवर राहिलेला पाना हाड मोडण्याइतक्या जोराने फिरतो. म्हणून हवा सोडण्याआधी पाना काढावा, पंख्यापासून दूर राहावे, फ्लायव्हील लॉक करण्याची सोय असल्यास ती वापरावी आणि दाब १ बारपासून हळूहळू वाढवत न्यावा. हवा सोडताच इंजिन फिरले तर टॉप नीट साधलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ, पुन्हा जुळवावे.

इंजिन स्थिर राहिल्यावर ऐकायला सुरुवात करावी. एअर फिल्टरचा होज मॅनिफोल्डपाशी काढलेला असावा आणि एक्झॉस्ट ब्रेकची झडप उघडी असावी. इनटेक मॅनिफोल्डच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. ऑइल भरण्याच्या तोंडाशी किंवा डिपस्टिकच्या नळीत आवाज असेल तर रिंगा, पिस्टन किंवा लायनर. रेडिएटर काठोकाठ भरून, इंजिन थंड असताना झाकण काढून ठेवावे. पाण्यात बुडबुडे येऊ लागले तर गॅस्केट फुटले आहे किंवा हेडला अथवा लायनरला चीर गेली आहे. शेजारच्या सिलेंडरच्या मोकळ्या भोकातून हवा येत असेल तर दोहोंमधील गॅस्केट. त्या भोकावर पातळ कागदाचा कपटा धरला की तो फडफडतो, आणि गोंगाट असलेल्या गॅरेजमध्ये कानापेक्षा हा कपटा भरवशाचा. स्टेथोस्कोपची धातूची टोकदार सळई काढून नुसती रबरी नळी वापरली तर बारीक आवाजही नेमका कोठून येतो ते सापडते.

ऑइलच्या तोंडाशी थोडा आवाज निकोस इंजिनातही येतो, कारण रिंगेला फट असतेच. म्हणून दोषी सिलेंडर ऐकून झाल्यावर एक चांगले सिलेंडर त्याच दाबावर ऐकावे. फरक किती, हेच उत्तर असते. एखाद्या व्हॉल्व्हमधून जोराची गळती ऐकू आली, तर हवा चालू असताना व्हॉल्व्हच्या टोकावर प्लॅस्टिकच्या हातोडीने अगदी हलकी टिचकी मारावी. सीटवर अडकलेला कार्बनचा कण उडाला तर गळती एकदम थांबते आणि हेड उतरवण्याचा खर्च वाचतो. जोरात मारू नये, कारण पिस्टन वरच आहे.

बुडबुड्यांबाबत शंका राहिली तर रेडिएटरच्या तोंडाशी धरायचे रासायनिक परीक्षण करता येते. ज्वलनातले वायू मिसळल्यास त्यातल्या निळ्या द्रवाचा रंग पिवळट किंवा हिरवट होतो. बोरस्कोप (नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा) उपलब्ध असेल तर नोझलच्या भोकातून आत पाहावे. लायनरवरील उभे, रुंद ओरखडे, व्हॉल्व्हच्या कडेचा खाल्लेला तुकडा, पिस्टनच्या काठाचा वितळलेला भाग किंवा इतर सर्व काळे असताना वाफेने धुऊन निघालेला एकच चकचकीत पिस्टन, या गोष्टी कॅमेऱ्यात स्पष्ट दिसतात.

गळती नसूनही दाब कमी असेल तेव्हा

कधीकधी गेज १८ बार दाखवतो आणि हवेच्या चाचणीत मात्र सिलेंडर इतरांइतकेच घट्ट निघते. अशा वेळी हवा निसटत नसते, ती पुरेशी आत येत नसते किंवा पुरेशी दाबली जात नसते. इनटेकचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा उंचवटा) झिजला असेल तर व्हॉल्व्ह थोडाच उघडतो. रॉकरवर डायल गेज लावून दोन सिलेंडरांची उघडझाप मोजली की हे उघडकीला येते. टॅपेटची फट बरोबर असूनही उचल कमी असू शकते, हे ध्यानात ठेवावे.

दुसरे कारण म्हणजे वाकलेला कनेक्टिंग रॉड. सिलेंडरात कधी पाणी किंवा डिझेल साचून इंजिन अडकले असेल, आणि ते सेल्फने तसेच जबरदस्तीने फिरवले गेले असेल, तर रॉड मिलिमीटरभर आखूड होतो आणि इंजिन पुढे वर्षानुवर्षे तसेच चालत राहते. वर घेतलेल्या सिलेंडरचा व्यास १०० मिलिमीटर धरला, तर एका मिलिमीटरने वरची जागा सुमारे ८ मिलिलिटरने वाढते आणि प्रमाण १७ वरून १५ वर येते. नोझलचे भोक उभे असेल, तर प्रत्येक पिस्टन नेमका टॉपवर आणून पितळी सळईने खोली मोजावी आणि आकडे ताडून पाहावेत.

हेड उतरवल्यावर

आता हेड उतरवायचे ते ठरलेल्या संशयाची खात्री करण्यासाठी. व्हॉल्व्हचा दोष असेल तर हेड उलटे ठेवण्याआधी पोर्टमध्ये रॉकेल ओतावे. जो व्हॉल्व्ह पाझरतो त्याच्या कडेला ओल दिसते. गॅस्केटचा दोष असेल तर ते फेकण्याआधी त्यावरची काळी वाट पाहावी, आणि हेड व ब्लॉक या दोहोंवर सरळपट्टी ठेवून खालून फीलर गेज जातो का ते तपासावे. ओल्या लायनरच्या (ज्याच्या बाहेरून थेट पाणी खेळते अशा लायनरच्या) इंजिनात लायनरचा काठ ब्लॉकच्या वर किती येतो, हे डायल गेजने मोजावे. एक लायनर खाली बसला असेल तर नवे गॅस्केटही तेथेच पुन्हा फुटते. रिंगांचा दोष असेल तर लायनरच्या वरच्या टोकाशी, जेथे रिंग थांबते तेथे, नख फिरवून पाहावे. नख अडकण्याइतकी पायरी झाली असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकू नयेत, बोअर गेजने तीन उंचींवर आणि दोन दिशांनी माप घ्यावे.

यानंतर एकाच सिलेंडरवर हे का ओढवले, याचे कारण शोधावे. धुळीने किंवा जुन्या ऑइलने होणारी झीज सहसा सगळ्यांवर येते. एकच पिस्टन काठाला वितळला किंवा एकच लायनर कोरडा पडून ओरखडला, तर बहुतेक वेळा त्याच्यावरचे नोझल फवारा न करता धार सोडत असते. डिझेल भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते किंवा पिस्टनचा एकच भाग जाळत राहते. ते नोझल टेस्टरवर लावून त्याचा उघडण्याचा दाब आणि फवारा तपासल्याशिवाय त्याच्याखाली नवा पिस्टन बसवू नये. काम पूर्ण झाल्यावर सर्व सिलेंडरांचा दाब पुन्हा मोजून तारखेसह लिहून ठेवावा. नव्या रिंगा बसायला काही शे किलोमीटरचे ओझ्याखालचे चालणे लागते आणि तोवर त्या सिलेंडरचा आकडा थोडा मागे राहतो, म्हणून तुलनेसाठी धरायचे माप रनिंग झाल्यानंतर, टॅपेट पुन्हा तपासताना घ्यावे.